बारला लटकून पाठ सरळ होते का?

“वाकून बसतोस म्हणून पाठ वाकडी झाली, रोज बारला लटक, होईल सरळ” हे वर्षानुवर्षं ऐकतोय आपण, आणि यातलं एकही खरं नाही. अशा वाकड्या पाठीच्या विकारात, म्हणजे स्कोलिओसिसमधे, कणा नुसता बाजूला झुकत नाही, तो स्वतःभोवती पिळलाही जातो, एक्सरेवर कॉब अँगल (म्हणजे बाकाचा कोन) १० अंश किंवा जास्त आला तरच त्याला स्कोलिओसिस म्हणतात, आणि बहुतेक मुलांत नेमकं कारण सापडतच नाही, त्यामुळे दप्तराला नि पोराच्या बसण्याला शिव्या घालणं सोडा. लटकल्यावर कणा जरा ताणला जातो हो, पण खाली उतरलं की परत होता तिथेच.

मग व्यायाम फुकट? तसंही नाही, हा दुसरा गैरसमज! जर्मनीच्या कॅथरिना श्रोथ यांना स्वतःलाच स्कोलिओसिस होता, त्यांनी १९२० च्या दशकात पद्धत बसवली ती आजही शिकवतात: आरशात बघत कणा लांबवायचा, दबलेल्या बाजूच्या बरगड्यांत मुद्दाम श्वास भरायचा, पीळ उलट्या दिशेला फिरवायचा, आणि तीच ठेवण दिवसभर बसता-उठता सांभाळायची (हेच सगळ्यात अवघड). प्रत्येकाचा बाक वेगळा म्हणून व्यायामही वेगळा, कुणाचा तरी व्हिडिओ बघून करायचं काम नाही हे. वाढीच्या वयात बाक साधारण २५ अंशांपुढे गेला तर सहसा ब्रेस (धडाला बांधायचा कडक आधार) लागतो, तेव्हा व्यायाम ब्रेसच्या जोडीला, बदल्यात नाही.