काँक्रीटच्या पोटात पाण्याची शिदोरी

स्लॅब पडला की दुसऱ्या दिवसापासून घरातलं कुणीतरी पाइप धरून उभं राहतं. स्लॅबवर आळी करून पाणी तुंबवायचं, कॉलमला गुंडाळलेलं गोणपाट ओलं ठेवायचं. ‘आयएस ४५६’ हे मानक साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारायला सांगतं, कोरड्या उन्हाळ्यात १०. कारण काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं. १०० ग्रॅम सिमेंट साधारण २३ ग्रॅम पाणी रासायनिक बांधणीत कायमचं धरून ठेवतं, शिवाय काही पाणी सूक्ष्म छिद्रांत अडकतं.

पुलांच्या, उंच इमारतींच्या दणकट काँक्रीटमध्ये मुळात पाणीच कमी घालतात. ते इतकं घट्ट असतं की वरून ओतलेलं पाणी आत पोचत नाही. पोटात तहान राहते, काँक्रीट आक्रसतं आणि बारीक चिरा पडतात.

यावरचा एक उपाय बाळाच्या डायपरमध्ये आहे. नवा डायपर फाडून आतली पांढरी भुकटी वाटीत झटका आणि पाणी घाला. बघता बघता लगदा फुगतो, वाटी उपडी केली तरी पडत नाही. आता चमचाभर मीठ टाका, लगदा ढासळून पाणी सुटतं. ही भुकटी म्हणजे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. काँक्रीट कालवतानाच ती त्यात मिसळायची. सिमेंटच्या पाण्यातही क्षार असतात, म्हणून साध्या पाण्यात वजनाच्या शेकडो पट पिणारी ही भुकटी तिथे साधारण १० ते २० पटच पिते. तेवढं पुरतं. ५० किलोच्या गोणीला १५० ग्रॅम भुकटी म्हणजे दीड ते तीन लिटर पाणी. भोवतालचं सिमेंट तहानलं की कण ते सोडतात.

डेन्मार्कच्या येन्सन आणि हान्सन यांनी २००१ मध्ये ही कल्पना शास्त्रशुद्ध मांडली. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की भुकटी नवीच हवी असं नाही. डायपरच्या कारखान्यात कातरण आणि नापास माल निघतो, भुकटीची अतिबारीक धूळही उरते. ती डायपरला नकोशी, कारण भिजल्यावर गच्च बसून पाण्याची वाट अडवते. काँक्रीटला मात्र बारीकच कण बरे. पाणी सोडल्यावर प्रत्येक कणाजागी पोकळी उरते, आणि मोठ्या पोकळ्या ताकद खातात.

वरचा पृष्ठभाग तरीही ओला ठेवावाच लागतो. कातरणीतला कापसासारखा लगदा वेगळा काढणं हे किचकट काम, आणि प्रत्येक खेप सारखी नसते. म्हणून प्रयोगशाळेत भुकटी चहाच्या पुडीत भरतात, सिमेंटच्या गाळलेल्या पाण्यात बुडवतात आणि ती किती जड झाली ते तोलून पाहतात.