सॉकेट सोळाचा, पण वायर कितीची?

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत घराघरांत विजेची कामं निघतात. मुंबईहून माणसं येणार, म्हणून न्हाणीघरात गीझर हवा, स्वयंपाकघरात इंडक्शन हवं. जुन्या बोर्डावर सॉकेट असतो 6 अँपिअरचा आणि गीझरची जाड पीन त्यात शिरत नाही. मग तो सॉकेट काढून तिथेच 16 अँपिअरचा बसवतात. पीन बसली, पाणी तापलं, काम झालं! हा समज फार धोक्याचा आहे.

पीन शिरत नाही हीच मुळात सुरक्षेची सोय आहे. सहाच्या पिनेचे फेज-न्यूट्रलचे (करंट आणणाऱ्या आणि परत नेणाऱ्या तारांचे) दांडे सुमारे 5 मिलिमीटर जाडीचे असतात, सोळाचे सुमारे 7. मोठा भार लहान लाइनवर चुकून लागू नये म्हणून हा फरक ठेवलेला आहे. सोळाची पीन सहाच्या सॉकेटला जोडून देणारा, बाजारात मिळणारा कन्व्हर्टर प्लग नेमकी हीच सोय काढून टाकतो.

थोडं गणित करू. 3000 वॉटचा गीझर 230 व्होल्टवर 13 अँपिअर खेचतो. दिव्या-पंख्यांसाठी ओढलेली वायर बहुतेक एक चौरस मिलिमीटरची असते. बोर्ड 15 मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन 30 मीटर तांबं, म्हणजे सुमारे 0.6 ओहम रोध. उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे भिंतीतच जवळजवळ 100 वॉट जळतात. वायर अडीच चौरस मिलिमीटरची असती तर 40 वॉट. नेहमीचं पीव्हीसी आवरण 70 अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं असतं. रोज त्याच्या वर गेलं तर ते कडक होतं, मग तडकतं.

एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडणारा खटका, ही वायर वाचवण्यासाठी असते. तिच्यातली दोन धातूंची पट्टी करंटने तापून वाकते आणि खटका पाडते. पण 16 ची एमसीबी 18 अँपिअरवर तासभर पडायची नाही, अशीच तिची रचना असते. आणि ‘सारखी पडते’ म्हणून कोणी 32 ची बसवली, तर 36 अँपिअरही तासभर निवांत वाहतील. पाइपातून नेलेली अडीचची वायर जेमतेम 20 च्या आसपास झेपवते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे एमसीबीला दिसतच नाही. पीन आणि सॉकेटची पितळी पट्टी एकमेकींना सपाट टेकल्यासारख्या वाटतात, पण सूक्ष्मदर्शकातून दोन्ही पृष्ठभाग खडबडीत असतात आणि खरा स्पर्श मोजक्या टोकांवरच होतो. सगळा करंट त्या टोकांतून आकसून जातो. पट्टी सैल झाली की टोकं कमी होतात, रोध वाढतो. समजा तो 0.1 ओहम झाला. 4 अँपिअरच्या इस्त्रीला तिथे दीड वॉटच्या आसपास उष्णता, तर 13 अँपिअरच्या गीझरला 17 वॉट, आणि तीही नखाएवढ्या जागेत. तापलेल्या पट्टीचा ताण आणखी जातो, पितळ काळवंडतं, रोध पुन्हा वाढतो. हे चक्र स्वतःच स्वतःला वाढवत नेतं. एमसीबीला मात्र तेच 13 अँपिअर दिसतात. आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की पडणारा खटका, फेज-न्यूट्रलमधल्या करंटचा फरक पाहते, आणि इथे फरकच नसतो. प्लास्टिक वितळेपर्यंत दोघीही गप्प.

आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने दमट हवा, किनाऱ्यालगत वर खारं वारं. मांद्रे-मोरजीच्या बाजूला पितळ फार लवकर हिरवट पडतं. मीटरबोर्ड आग्नेयेलाच हवा म्हणून हट्ट धरणारे त्याच बोर्डावर पागोळ्या गळतात का, हे बघत नाहीत. करंटला दिशा कळत नाही, ओल कळते.

गीझरसाठी मेन बोर्डापासून वेगळी लाइन ओढावी: अडीच किंवा चारची तांब्याची वायर, 16 ची एमसीबी, 16 चा सॉकेट आणि खरंखुरं अर्थिंग. या साखळीत सर्वांत लहान आकडा जो असेल, तीच त्या लाइनची खरी क्षमता. वायरमन आला की आधी मेन बंद करून सॉकेट उघडायला सांगा आणि मागची वायर कितीची आहे ते विचारा. गीझर वापरून झाल्यावर स्विच बंद करून पीन काढा. दांडे चटका देण्याइतके तापले असतील किंवा भोकांभोवती तपकिरी डाग दिसला, तर त्या सॉकेटवर पुन्हा काहीही लावू नका.