टेक्सासात बंदुकीचं लायसन्स रद्द झालं, हे खरं नाही

‘टेक्सासात आता लायसन्स उरलंच नाही, कोणीही कुठेही पिस्तूल खोचून फिरावं’ हे वाक्य २०२१ पासून ऐकू येतंय. अर्धं खरं असल्यामुळेच ते टिकून आहे.

१ सप्टेंबर २०२१ ला लागू झालेल्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल बाळगायला लायसन्सची सक्ती काढली. लायसन्स मात्र आजही मिळतं आणि लोक ते काढतातही. ते उगाच नाही. सरकारी विद्यापीठाच्या आवारात पिस्तूल झाकून नेण्याची मुभा फक्त लायसन्सवाल्यांना आहे. शाळेपासून १,००० फुटांच्या आत बंदूक नेण्यावर केंद्राच्या कायद्याने बंदी आहे. त्यातून सूट हवी तर त्याच राज्याचं लायसन्स लागतं. आणि ‘कुठेही’ हेही खरं नाही: ज्या बारची ५१ टक्के किंवा त्याहून जास्त कमाई तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूतून होते, तिथे लायसन्स असूनही बंदूक चालत नाही. दारावर ‘५१%’ अशी लाल पाटीच असते!

राज्याची हद्द ओलांडली की हिशेब पुन्हा बदलतो. हे काही सगळ्या राज्यांत चालणारं ड्रायव्हिंग लायसन्स नव्हे. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क टेक्सासचं लायसन्स मानत नाहीत. न्यूयॉर्कबद्दलचा २०२२ चा सुप्रीम कोर्टाचा निकालही परवाने रद्द करणारा नव्हता. ‘खास कारण सिद्ध करा’ ही अट तेवढी गेली.

आणि ह्यूस्टन-डॅलसच्या मराठी मंडळींसाठी: एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता बंदूक जवळ बाळगणं हाच केंद्रीय गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही.