उच्च प्राथमिक शिक्षण (महाराष्ट्र)

उच्च प्राथमिक शिक्षण म्हणजे इयत्ता सहावी ते आठवी या तीन वर्षांचा शालेय टप्पा. साधारणपणे अकरा ते चौदा वर्षे वयाची मुले या वर्गांत असतात. इतर काही राज्यांत या वर्गांच्या स्वतंत्र ‘मिडल स्कूल’ असतात. महाराष्ट्रात तशी शाळा क्वचितच आढळते. ही तीन वर्षे एकतर जिल्हा परिषदेच्या वा नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेच्या वरच्या टोकाला जोडलेली असतात, नाहीतर एखाद्या संस्थेच्या माध्यमिक विद्यालयाच्या खालच्या टोकाला. मुलांना कोण शिकवणार, तासिका विषयवार होणार की एकाच गुरुजींकडे दोन वर्ग राहणार, प्रयोगशाळेचे दार कधी उघडणार, हे सारे या जोडणीवर ठरते. म्हणून या टप्प्याचा राज्यातला इतिहास बराचसा हद्दी सरकवण्याचा इतिहास आहे.

पार्श्वभूमी

ब्रिटिश अमदानीतील मुंबई इलाख्यात मराठी चौथी झाली की दोन वाटा फुटत. एक वाट मराठी शाळेतच सातवीपर्यंत जाई आणि ‘व्हर्नाक्युलर फायनल’ परीक्षेपाशी संपे. ‘फायनल’ झालेल्या माणसाला प्राथमिक शिक्षकाची किंवा तलाठ्याची नोकरी मिळू शके, आणि गावात त्याच्या शब्दाला वजन असे. दुसरी वाट इंग्रजी शाळेत जाई. तिथे मोजणी नव्याने सुरू होई : इंग्रजी पहिली, दुसरी, असे करत सातवीला मॅट्रिक. एकाच वयाची दोन मुले, एक मराठी सातवीत आणि दुसरे इंग्रजी तिसरीत, एकाच गावात राहूनही वेगवेगळ्या आयुष्यांची तयारी करत असत. सातवी हा अनेकांसाठी शिक्षणाचा शेवट होता, याची खूण जुन्या पिढीच्या बोलण्यात अजून सापडते.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेली ‘नई तालीम’ ही याच वयोगटाचा वेगळा विचार करणारी पहिली मोठी योजना. मातृभाषेतून सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण आणि सूतकताई, शेती अशा एखाद्या हस्तोद्योगाभोवती सर्व विषयांची गुंफण, असा तिचा गाभा होता. तिचा आराखडा झाकिर हुसेन समितीने तयार केला. सरकारी शाळांत पुढे तिच्यापैकी उरला तो ‘कार्यानुभव’ हा विषय. बहुतेक ठिकाणी त्याला शनिवारची एखादी तासिका आणि वर्षअखेरीस कागदी फुलांचा एक प्रकल्प एवढीच जागा मिळते. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत मात्र २००५ पासून शेती, स्वयंपाक आणि सूतकताई पुन्हा रोजच्या अभ्यासाचा भाग झाली आहेत.

स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने सातवीपर्यंतचे शिक्षण प्राथमिक धरले. दहावीनंतर दोन वर्षांचे उच्च माध्यमिक शिक्षण हा आकृतिबंध राज्यात आला आणि दहावीची पहिली शालान्त परीक्षा मार्च १९७५ मध्ये झाली. तेव्हापासून पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी अशी विभागणी तीन-साडेतीन दशके रुळली. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि या हद्दी हलल्या. पाचवी खाली गेली, आठवी प्राथमिकच्या पोटात आली.

शाळांची रचना

कायद्यातील हद्द हलली, तरी इमारती आणि शिक्षकांच्या नेमणुका जागच्या जागी राहिल्या. पश्चिम महाराष्ट्रात रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांची विद्यालये पाचवीपासून सुरू होतात. गावच्या शाळेतून चौथी झालेले मूल थेट ‘हायस्कूल’मध्ये जाई आणि अजूनही अनेक ठिकाणी जाते. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या माध्यमिक शाळा आहेत, त्यांना ‘प्रशाला’ म्हणतात. विदर्भात जुन्या मध्यप्रांताच्या ‘मिडल स्कूल’ची आठवण ‘पूर्व माध्यमिक शाळा’ या पाट्यांवर टिकून आहे.

पाचवी आणि आठवी प्राथमिक शाळांना जोडण्याचे आदेश २०१३ मध्ये निघाले. जवळपास सोय नसेल तिथे चौथीच्या शाळेला पाचवीचा आणि सातवीच्या शाळेला आठवीचा वर्ग जोडायचा होता. कायद्यानुसार उच्च प्राथमिक शाळा घरापासून तीन किलोमीटरच्या आत हवी. प्रत्यक्षात या आदेशांतून जिल्हा परिषद शाळा आणि संस्थांची विद्यालये यांच्यात मुलांसाठी ओढाताण सुरू झाली. पाचवीचा वर्ग गेला तर विद्यालयाची तुकडी तुटते, तुकडी तुटली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यालयांचे शिक्षक गावोगाव पालकांच्या घरी फिरताना दिसतात. या फिरण्यामागचा खरा धाक असतो संचमान्यतेचा. ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची पदे मंजूर होतात. पट फुगवण्याचा मोह यातूनच वाढला. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत शासनाने राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी केली, तेव्हा कागदावरची मुले आणि वर्गातली मुले यांतली तफावत उघड झाली.

शिक्षक

सहावी ते आठवीसाठी कायद्याची अपेक्षा नेमकी आहे : विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तीन गटांसाठी किमान एकेक शिक्षक, दर ३५ मुलांमागे एक शिक्षक, वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तासांचे अध्यापन. पट शंभरावर गेला तर पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक.

जिल्हा परिषद शाळांत या तीन जागांवर ‘पदवीधर शिक्षक’ नेमले जातात. त्यांतले अनेक जण बारावीनंतर डी.एड. करून उपशिक्षक म्हणून लागलेले आणि नोकरी करता करता पदवी घेतलेले असतात. नोकरीत राहून बहिःस्थ पदवी घ्यायची तर कला शाखाच सोयीची पडते. त्यामुळे भाषा आणि सामाजिक शास्त्रांना माणसे मिळतात, विज्ञान-गणिताची जागा रिकामी राहते. मग बीजगणित मराठीचे सर शिकवतात. ते मन लावून शिकवतात, पण ऋण संख्यांच्या गुणाकाराचे चिन्ह धन का होते, हा प्रश्न एखाद्या मुलीने विचारला की ‘नियम पाठ कर’ हे उत्तर येते. उच्च प्राथमिक अध्यापनातील सर्वांत मोठी उणीव इथे आहे. ती शिक्षकांच्या वृत्तीपेक्षा नेमणुकीच्या पद्धतीतून आलेली आहे.

नव्या नेमणुकीसाठी २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर आवश्यक झाला. तो गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे असा पर्याय देतो. नेमणूक झाल्यावर पहिली तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर काढावी लागतात. या वर्गांसाठीचे मानधन दीर्घकाळ दरमहा ६,००० रुपये होते, २०२३ मध्ये ते १६,००० झाले. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे कायद्याने शिक्षकांना देता येतात. पण मतदारयाद्यांचे काम निवडणुकीतच मोडत असल्याने ते वर्षभर पुरते.

अभ्यासक्रम

मुलाच्या दृष्टीने सहावीतला मोठा बदल म्हणजे विषय सुटे होतात. पाचवीपर्यंत ‘परिसर अभ्यास’ या एका नावाखाली असलेले ज्ञान सामान्य विज्ञान, भूगोल आणि इतिहास व नागरिकशास्त्र असे वेगळे होते. पाठ्यपुस्तके ‘बालभारती’ म्हणजे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ तयार करते. पुण्यातील हे मंडळ २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झाले. सहावी, सातवी आणि आठवीची पुस्तके अनुक्रमे २०१६, २०१७ आणि २०१८ मध्ये बदलली.

इतिहासाची मांडणी कालक्रमाने आहे : सहावीत प्राचीन भारत, सातवीत मध्ययुग आणि आठवीत आधुनिक काळ. सातवीच्या नव्या पुस्तकात शिवकाल आणि मराठ्यांच्या सत्तेचा विस्तार केंद्रस्थानी आणला गेला आणि मुघल काळ आक्रसला. त्यावरून वृत्तपत्रांत वाद झाला. नागरिकशास्त्रात सहावीला स्थानिक शासन, सातवीला संविधान आणि आठवीला संसदीय शासनपद्धती येते. ग्रामपंचायतीचा पाठ शिकवताना मुलांना समोरच्या कार्यालयात नेणारे शिक्षक आहेत, पण बहुतांश वर्गांत सरपंचाची कामे क्रमांक घालून वहीत उतरवली जातात.

गणितात चढ एकदम उभा होतो. सहावीत पूर्णांक, गुणोत्तर, साधी समीकरणे आणि सरळव्याज. सातवीत बैजिक राशी, समप्रमाण-व्यस्तप्रमाण, पायथागोरसचा सिद्धांत. आठवीत अपरिमेय संख्या, अवयव पाडणे, चक्रवाढव्याज. ज्या मुलाचा भागाकार चौथीत कच्चा राहिला, त्याच्या लेखी यातले काहीही सुरूच होत नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत २०२२ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातील आठवीच्या मुलांपैकी सुमारे ७० टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण सुमारे ४५ टक्के मुलांनाच सोडवता आले. या आकड्यांतली मुले वर्गात गप्प बसतात, फळ्यावरचे सुंदर अक्षरात उतरवतात आणि पुढे सरकतात.

मराठी माध्यमात मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषा शिकवल्या जातात. २००० पर्यंत इंग्रजीची सुरुवातच पाचवीत होत असे, त्या वर्षापासून ती पहिलीत आली. आठवीत हिंदीबरोबर किंवा तिच्याऐवजी संस्कृतचा पर्याय खुला होतो. मोठ्या गावांतील मराठी शाळांनी पालक टिकवण्यासाठी ‘सेमी इंग्रजी’चा मार्ग धरला आहे. त्यात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सारे मराठीतून. पुस्तक इंग्रजी, स्पष्टीकरण मराठी आणि उत्तरपत्रिका पुन्हा इंग्रजी, अशी त्रिस्थळी यात्रा मुलांना करावी लागते. इतर माध्यमांच्या शाळांसाठी २०२० च्या कायद्याने मराठी सक्तीची झाली. ती पहिली आणि सहावी या दोन वर्गांपासून टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आली.

मूल्यमापन

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आले. त्याचे दोन भाग आहेत. आकारिक मूल्यमापनात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने वापरायची. संकलित मूल्यमापन म्हणजे सत्राअखेरची परीक्षा. सहावीत दोन्हींना निम्मे-निम्मे गुण, सातवी-आठवीत आकारिकला ४० आणि संकलितला ६०. निकाल अ-१ पासून सुरू होणाऱ्या श्रेणींत. त्याशिवाय प्रत्येक मुलासाठी विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक या सदरांत वर्णनात्मक नोंदी.

कल्पना उत्तम होती. मूल काय करू शकते हे शिक्षकाने पाहावे आणि लिहावे. पण चाळीस मुले, अनेक विषय आणि दोन सत्रे असा हिशेब मांडला की नोंदींचा डोंगर उभा राहतो. मग तयार नोंदींच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या आणि ‘स्वतःहून प्रश्न विचारतो’, ‘गटकार्यात सहभागी होते’ ही वाक्ये राज्यभरच्या नोंदवह्यांत सारखीच उमटली. पुढे अध्ययनस्तर तपासण्यासाठी राज्यस्तरीय पायाभूत आणि संकलित चाचण्या आल्या. आता शाळेच्या कॅलेंडरात त्यांचाही वाटा आहे.

आठवीपर्यंत कोणालाही मागे न ठेवण्याचे धोरण केंद्राने २०१९ मध्ये कायदादुरुस्ती करून ऐच्छिक केले. महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षा २०२३-२४ पासून पुन्हा सुरू केल्या. अनुत्तीर्ण मुलांना पुनर्परीक्षेची संधी मिळते आणि तीही हुकली तर त्याच वर्गात राहावे लागते.

वर्गातल्या परीक्षेपेक्षा बाहेरच्या परीक्षांचे आकर्षण गावोगाव जास्त आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा अनेक वर्षे चौथी आणि सातवीला होत असे. २०१६-१७ मध्ये ती पाचवी आणि आठवीला नेण्यात आली होती; २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी आणि सातवीला आणण्याचा निर्णय झाला. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तीत निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. सहावीत डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. ती प्रामुख्याने शहरी शाळांत रुजली आहे. जवाहर नवोदय विद्यालये आणि साताऱ्याची सैनिक शाळा यांचा प्रवेशही सहावीतच होतो, म्हणून पाचवीतल्या हुशार मुलाचे वर्ष जादा तासांत जाते. शिष्यवृत्तीत मुले चमकली की शाळेच्या भिंतीवर नावे रंगतात आणि पुढच्या वर्षीचा पटही सांभाळला जातो.

शाळेत टिकणे

या वयात शाळा सुटण्याची कारणे घराकडून येतात. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांतली पहिली-दुसरीची मुले निदान साखरशाळेत बसवता येतात. सातवीतली मुलगी मात्र फडावर स्वयंपाक आणि धाकटे भावंड सांभाळायला लागते, आणि सातवीतला मुलगा मोळ्या बांधू शकतो. गावातच राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पण मुलींना मागे ठेवायला पालक कचरतात. ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. तो चालतो तिथे हजेरी टिकते, आणि ज्या मार्गावरची फेरी बंद होते तिथल्या मुलींची शाळाही अनेकदा बंद पडते. आश्रमशाळांत पावरी, गोंडी, कोरकू बोलणारी मुले सहावीत पोहोचतात, तेव्हा पुस्तकातली मराठी त्यांच्यासाठी अजून अर्धी परकीच असते.

शालेय पोषण आहार २००८ पासून आठवीपर्यंत मिळू लागला. या वर्गांतील मुलांसाठी दररोज १५० ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण आहे. विद्यालयांत पाचवी ते आठवीला खिचडी मिळते आणि नववी-दहावीला नाही, त्यामुळे एकाच व्हरांड्यात काहींची पंगत बसते आणि काही जण डबा उघडतात.

नवे धोरण आणि गोवा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवी हा स्वतंत्र ‘मध्यस्तर’ मानला आहे. त्यात विषयतज्ज्ञ शिक्षक, प्रयोगांवर भर आणि सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकण्यासाठी दहा दिवस दप्तराविना, अशा तरतुदी आहेत. वर्ध्याच्या परिषदेतला विचार यात दिसतो, मात्र तिथे सात वर्षांचा कणा असलेला उद्योग इथे दहा दिवसांत बसवला आहे.

गोव्यात प्राथमिक शिक्षण चौथीपर्यंतचे असून ‘मिडल स्कूल’ पाचवीपासून सुरू होते. प्राथमिक वर्ग मराठी वा कोंकणी माध्यमात शिकलेले मूल पाचवीत आले की जवळजवळ सर्वत्र इंग्रजी माध्यमात जाते. सेमी इंग्रजीसारखा मधला पूल तिथे नाही. भूगोलापासून गणितापर्यंत सगळेच एका जूनमध्ये बदलते, आणि पाचवीचे पहिले सत्र बहुतेक शिक्षकांचे इंग्रजी शब्दांचे अर्थ सांगण्यात जाते.