गेममधील आभासी चलन

ऑनलाइन गेममध्ये खरे पैसे मोजून विकत घ्यायचे आणि त्याच गेममध्ये खर्च करायचे चलन. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडियात (बीजीएमआय) ते यूसी, फ्री फायरमध्ये डायमंड, क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये जेम्स, रोब्लॉक्समध्ये रोबक्स आणि फोर्टनाइटमध्ये व्ही-बक्स. भारतात या खरेदीला सर्रास ‘टॉप-अप मारणे’ म्हणतात. पैसे यूपीआयने, कार्डाने किंवा गूगल प्लेच्या रिडीम कोडने भरले जातात.

बिटकॉइनसारख्या क्रिप्टोचलनाशी याची गल्लत होते, पण दोन्हींचा संबंध नाही. गेममधले चलन म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरचा एक आकडा. तो किती काढायचा, काय भावाने विकायचा आणि खाते कधी गोठवायचे हे सर्व कंपनी ठरवते. ज्या करारावर खेळाडू न वाचता ‘मान्य’ करतो त्यात सहसा मालकी नसून वापराचा परवाना दिलेला असतो. शिवाय वाट एकेरी असते. रुपये देऊन डायमंड मिळतात, डायमंड देऊन रुपये मिळत नाहीत. या व्यवहारावरचे बहुतेक वाद याच अटीपाशी येऊन थांबतात.

खर्चाचे स्वरूप : बहुतेक गेममध्ये दोन चलने शेजारी शेजारी चालतात, एक खेळून मिळणारे आणि एक विकतचे. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये (२०१२) सोने आणि एलिक्सिर खाणींतून व दुसऱ्याच्या गावावरच्या हल्ल्यांतून मिळते. जेम्स मात्र झुडपे काढून, अचीव्हमेंट पूर्ण करून थोडेथोडेच हाती येतात. अधूनमधून उगवणाऱ्या जेम बॉक्समध्ये २५ मिळतात. पाचव्या बिल्डरची, म्हणजे बांधकाम करणाऱ्या गड्याची, किंमत आहे २,००० जेम्स. चिकाटीचा खेळाडू ते पैसे न देताही जमवतो, पण तोवर बांधकामे रखडतात, आणि ही रखडपट्टी मुद्दाम आखलेली असते. तिथे पैसा मुख्यतः वेळ वाचवायला जातो. बीजीएमआय किंवा फ्री फायरमध्ये तो बराचसा दिसण्यावर जातो : कपडे, बंदुकीच्या स्किन (वरचे रंगरूप), नाचाचे इमोट (पात्राचे हावभाव). लॉबीत, म्हणजे सामन्याआधी जमायच्या जागी, उभे असताना साध्या कपड्यांतल्या मुलाला इतर ‘नूब’ (नवशिका) म्हणतात, हे ज्याच्या घरात शाळकरी मुलगा आहे त्याला सांगायला नको.

किंमत कशी लपते : बीजीएमआय ही ज्याची भारतीय आवृत्ती, त्या पबजी मोबाइलच्या डॉलरमधल्या दरांत सर्वांत लहान पॅक ६० यूसीचा, ०.९९ डॉलरला. त्यावर ३२५ यूसी ४.९९ डॉलरला, ६६० यूसी ९.९९ डॉलरला, असे करत ८,१०० यूसी ९९.९९ डॉलरला. शेवटच्या पॅकमधला यूसी पहिल्यापेक्षा सुमारे पाव हिश्शाने स्वस्त पडतो, म्हणजे जास्त घेणारा शहाणा ठरतो. २०२१ मध्ये रॉयल पास (खेळत जाल तशी बक्षिसे देणारा पास) महिन्याचा झाला तेव्हा त्याची किंमत होती ३६० यूसी. ३२५चा पॅक घेतला तर ३५ कमी पडतात. जोडीला ६०चा घेतला तर पास येतो आणि २५ यूसी उरतात. एवढ्यात फारसे काही येत नाही, म्हणून ते पडून राहतात आणि पुढच्या टॉप-अपचे निमित्त होतात. कॉलेजच्या आनंदमेळ्यात कुपने उरतात तसेच हे, फक्त आनंदमेळा संध्याकाळी संपतो.

दुसरी युक्ती म्हणजे मधला पडदा. स्किन ‘८०० रुपये’ अशी लिहिली तर हात आखडेल, ‘१,००० डायमंड’ अशी लिहिली तर मनातल्या मनात भागाकार करावा लागतो. फ्री फायरचे १०० डायमंड भारतात बराच काळ ८० रुपयांना मिळत, तेव्हा हा हिशोब निदान सोपा होता. बोनस डायमंड धरले की तोही बिघडतो. मार्च २०२५ मध्ये युरोपीय संघातील ग्राहक संरक्षण यंत्रणांनी स्टार स्टेबल या घोड्यांच्या स्वीडिश गेमच्या प्रकरणावरून जी तत्त्वे जाहीर केली, त्यांत नेमके यावर बोट ठेवले आहे : वस्तूची किंमत खऱ्या चलनातही दाखवावी आणि ग्राहकाला नको तेवढे आभासी चलन घ्यायला लावू नये.

वाटचाल : गेम फुकट आणि आतल्या वस्तू विकत, हे गणित दक्षिण कोरियात नेक्सॉनसारख्या कंपन्यांनी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बसवले. मेपलस्टोरी (२००३) हे त्याचे ठळक उदाहरण. पाश्चात्त्य खेळाडूंना ते आधी रुचले नाही. २००६ मध्ये ओब्लिव्हियन या गेममधल्या घोड्याचे चिलखत २०० मायक्रोसॉफ्ट पॉइंट्सना, म्हणजे अडीच डॉलरला, विकायला काढले तेव्हा त्याची यथेच्छ टिंगल झाली. आजच्या स्किनच्या किमती पाहता ते चिलखत स्वस्तच होते. ऑक्टोबर २००९ मध्ये ॲपलने फुकट ॲपमध्येही खरेदीची सोय दिली आणि हा धंदा मोबाइलवर पसरला. त्यातला ३० टक्के वाटा ॲप स्टोअरचा असे. ऑगस्ट २०२० मध्ये फोर्टनाइटच्या एपिक गेम्स कंपनीने हा वाटा चुकवून व्ही-बक्स थेट व स्वस्तात विकायला सुरुवात केली, तेव्हा ॲपलने फोर्टनाइट काढून टाकले आणि प्रकरण कोर्टात गेले.

परतीची वाट : चलन पुन्हा पैशात बदलता आले तर काय होते, याचे प्रयोगही झाले आहेत. सेकंड लाइफमध्ये (२००३) लिंडेन डॉलर अधिकृत बाजारात अमेरिकी डॉलरला विकता येतात. परिणामी तिथे जुगाराचे अड्डे उघडले, व्याज देणाऱ्या ‘बँका’ निघाल्या आणि बुडाल्याही. २००७ मध्ये कंपनीने जुगार बंद केला, २००८ मध्ये परवाना नसलेल्या बँका. डियाब्लो ३ मध्ये खेळाडूंना वस्तू खऱ्या पैशांत विकता याव्यात म्हणून २०१२ मध्ये लिलावगृह काढले. राक्षस मारून शस्त्र मिळवण्यापेक्षा ते विकत घेणे सोयीचे झाले, खेळातला रसच आटला, आणि मार्च २०१४ मध्ये लिलावगृह बंद झाले.

कंपनीने दार उघडले नाही तरी लोक खिडकी शोधतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये चीनमधले तरुण पगारावर दिवसभर सोने गोळा करत आणि दलाल ते अमेरिकेतल्या खेळाडूंना विकत. २०१५ मध्ये कंपनीने स्वतःच टोकन काढले : एकाने ते डॉलर देऊन घ्यायचे आणि दुसऱ्याला गेममधल्या सोन्यावर विकायचे. काळ्या बाजाराचे गिऱ्हाईक असे अधिकृत दुकानात आले. ईव्ह ऑनलाइन या अवकाशातल्या गेममध्ये ‘प्लेक्स’ नावाच्या अशाच टोकनमुळे गेममधल्या जहाजांनाही डॉलरचा भाव लावता येतो. जानेवारी २०१४ मधल्या एका अवकाशयुद्धाचे नुकसान त्या हिशोबाने सुमारे तीन लाख डॉलर धरले गेले. भारतात ही खिडकी म्हणजे आयडीची विक्री. दुर्मीळ स्किन असलेले अख्खे खाते समाजमाध्यमांवर विकले जाते. नियमांनुसार ते निषिद्ध आहे, त्यामुळे पैसे घेऊन विकणारा गायब झाला तर कंपनीकडे दाद नसते. ‘फुकट डायमंड’ देणाऱ्या साइट हा त्याच गल्लीतला दुसरा धंदा. त्या खात्याचा पासवर्ड घेतात आणि डायमंड देत नाहीत.

नशिबाची पेटी : चलनाचा सर्वांत वादग्रस्त उपयोग म्हणजे आत काय निघेल ते न सांगणाऱ्या पेट्या आणि लकी स्पिन. जपानने २०१२ मध्ये ‘कोंपू गाचा’ (नशिबाने निघणाऱ्या वस्तूंचा पूर्ण संच जमवला तरच मोठे बक्षीस) हा प्रकार थांबवला, बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या पेट्या जुगारात धरल्या. नेदरलँड्समध्ये फिफा गेमवर लावलेला दंड मात्र २०२२ मध्ये वरच्या न्यायालयात रद्द झाला. मेपलस्टोरीत शस्त्रांचे गुण नशिबाने बदलणाऱ्या ‘क्यूब’मधून चांगले गुण निघण्याची शक्यता खेळाडूंना न कळवता घटवल्याबद्दल कोरियाच्या स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२४ मध्ये नेक्सॉनला ११.६ अब्ज वॉनचा दंड केला. जुगारात निदान पत्ते सर्वांसमोर पिसले जातात.

भारतातील स्थिती : सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली आणि ऑक्टोबरअखेर सर्व्हर बंद झाले. खात्यातले यूसी, स्किन सगळे अडकले. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आल्यावर जुना डेटा वळवता आला, तोवर खेळाडूंच्या हाती काही नव्हते. बीजीएमआयने अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला ७,००० रुपये खर्चाची मर्यादा घातली. ही मर्यादा कोणत्या घरातल्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून ठरवली असेल, असा प्रश्न पडतो. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने गेमची आयडी आणि यूसी यांपायी घरच्यांच्या बँक खात्यातले सुमारे दहा लाख रुपये घालवले आणि ओरडा बसल्यावर घर सोडले. पोलिसांनी त्याला शोधून परत आणले. भारतीय करार कायद्यानुसार (१८७२) अल्पवयीनाचा करार मुळात रद्दबातल असतो, पण मोबाइल आणि यूपीआय पिन आईवडिलांचा असला की खरेदी कोणी केली हे सिद्ध करणेच अवघड जाते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकायच्या अपेक्षेने खेळले जाणारे गेम, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने बंद केले. ई-स्पोर्ट्स आणि ‘ऑनलाइन सोशल गेम’ यांना मोकळीक दिली. पैसे देऊन घेतलेली नाणी, टोकन, क्रेडिट हेसुद्धा कायद्याच्या दृष्टीने ‘डाव’ ठरू शकतात. पण ते लावून मोबदल्यात काहीतरी लाभ जिंकण्याची अपेक्षा असावी लागते. यूसी देऊन ठरलेला सदरा घेणारा त्यात बसत नाही. यूसी देऊन स्पिन फिरवणारा आणि निघालेल्या स्किनसकट आयडी विकणारा बसतो का, यावर वाद घालायला पुरेशी जागा आहे.