दहा मिनिटांचं घड्याळ

यकृताचा भाग कापून काढताना मोठ्या रक्तवाहिन्या सर्जन चिमट्यात धरून दोऱ्याने बांधतात. तरी कापलेला पृष्ठभाग नव्या माठासारखा पाझरतच राहतो. बांधायचं तरी काय? धरायला वाहिनीच दिसत नाही. अशा जागी थ्रॉम्बिनमध्ये भिजवलेला जिलेटिनचा स्पंज दाबून धरतात.

थ्रॉम्बिन आपल्या रक्तातही तयार होतं. रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे बारीक तुकडे ते छाटून टाकतं. मग उरलेले रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे धागे होतात, त्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी बसते. अमेरिकेत १९४०च्या दशकापासून हे औषध गुरांच्या रक्तापासून बनवत. काम चोख, काही मिनिटांत रक्त थांबायचं.

भानगड नंतर व्हायची. त्या औषधात गुरांच्या रक्तातला 'फॅक्टर पाच' नावाचा दुसरा घटकही थोडासा आलेला असे. रुग्णाचं शरीर या परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करी, आणि काही जणांत ती माणसाच्या स्वतःच्या फॅक्टर पाचवरही उलटत. रक्त गोठायला तो तर हवाच. म्हणजे टाके सुकत आले, आणि आता रक्त थांबेना! सगळ्यांना त्रास झाला नाही, पण काहींच्या जिवावर बेतलं.

पर्याय निघाला तो हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत थ्रॉम्बिनचं मानवी जनुक घालून बनवलेला. दोन्ही औषधांच्या तुलनेचे निकाल २००७मध्ये आले: ४०१ रुग्ण, कुणाचा मणका, कुणाचं यकृत, कुणाच्या पायाची बायपास, कुणाला डायलिसिससाठी जोडनळी. कुठलं औषध हातात आहे हे सर्जनलाही माहीत नव्हतं. या क्षेत्रात ही चैन क्वचितच मिळते; पावडर आहे की स्पंज, हे वापरणाऱ्यापासून लपवणार कसं?

स्पंज ठेवला की घड्याळ सुरू. दहा मिनिटांत रक्त थांबलं का, एवढाच मुख्य प्रश्न. दोन्ही गटांत उत्तर सारखंच आलं: सुमारे ९५ टक्के. घड्याळावर विसंबलं असतं तर जुनं औषध बदलायचं कारणच दिसलं नसतं. पण महिनाभराने त्याच रुग्णांचं रक्त पुन्हा तपासलं. गुरांचं थ्रॉम्बिन मिळालेल्यांपैकी २१.५ टक्के जणांत त्या औषधाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. नव्या औषधाच्या गटात १.५ टक्के.

२००८च्या जानेवारीत अमेरिकेत नव्या थ्रॉम्बिनला मंजुरी मिळाली.