चखणा आधी, बाटली मागून

मागच्या पौषात नागपूर जिल्ह्यातल्या काटोलकडच्या आमच्या वावरात हुरड्याला माणसं जमली होती. आगटी धगधगत होती, ज्वारीची कणसं राखेत खुपसलेली, कडेला वांगी भाजायला टाकलेली. पुण्याहून आलेला भाचा पाटावर तीन बाटल्या मांडून बसला होता: एक पांढरी, एक गुलाबी, एक लाल. काचेचे ग्लास नव्हते, स्टीलचे पेले होते. त्याचा बेत असा, की प्रत्येक बाटली एका पदार्थासोबत आणि एका गाण्यासोबत चाखायची आणि कोणती जोडी जमली यावर हात वर करून मतं घ्यायची. शेजारच्या वावरातल्या भाऊंनी पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, “हे त चिंचेच्या पाण्यावानी लागते बावा. याच्यात दारू कुठी हाय?”

सगळे हसले. भाचा जरा हिरमुसला. मला मात्र तेव्हापासून चाळा लागला, की हा चाखण्याचा आणि जोड्या लावण्याचा खेळ आला कुठून ते पाहावं. शोधत गेलो तेव्हा लक्षात आलं की यातला निम्मा भाग आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे, आणि जो साहेबी म्हणून आपण बिचकतो तो तसा कालपरवाचा आहे.

सुरुवात शब्दापासूनच करू. साहेबाच्या भाषेत चाखायची ती वाइन. आपल्याकडे ‘चाखणे’ या क्रियापदातून जो शब्द निघाला तो बाटलीसाठी नाही, ताटलीसाठी: चखणा. (काही जण ‘चकणा’ म्हणतात, पण ते डोळ्याचं दुखणं.) पेयाबरोबर तोंडी लावायच्या वस्तूला वेगळं नाव द्यावंसं वाटणं, हे आपल्याकडे काही आजचं नाही. अमरकोशात मद्याच्या शब्दांना लागूनच ‘अवदंश’ येतो. अवदंश म्हणजे पिताना खायचा, तहान चाळवणारा पदार्थ. फुटाणे, शेंगदाणे, कांदा, तळलेली मिरची, भाजलेली सुकट, सगळे त्याच घराण्यातले.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर अख्खं प्रकरण आहे. पानागारं, म्हणजे दारू पिण्याच्या जागा, कशी असावीत, तर अनेक खोल्यांची, बसण्या-निजण्याच्या वेगळ्या जागा असलेली, सुगंध, फुलांच्या माळा आणि पाणी ठेवलेली, ऋतूप्रमाणे सुख देणारी. आज एखादी वायनरी आपल्या टेस्टिंग रूमची जाहिरात करते तीही साधारण याच मुद्द्यांवर. त्याच प्रकरणात द्राक्षाच्या मद्याला ‘मधु’ म्हटलंय आणि त्याचे दोन प्रकार मुलखाच्या नावाने ओळखलेत, कापिशायन आणि हारहूरक. त्यातली कापिशी आजच्या अफगाणिस्तानात येते. बाटलीवर गाव पाहून किंमत ठरवायची सवय फ्रान्सने लावली असं आपण समजतो, पण गावाचं नाव लावून मद्य ओळखणारे लोक त्याच्या कितीतरी आधीचे.

आमच्या भागात मात्र द्राक्ष नव्हतं, मोह होता. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं टपटप गळतात. त्याआधी झाडाखालचा पालापाचोळा झाडून, कधी जाळून जमीन साफ करून ठेवतात. उजाडायच्या आत बाया आणि पोरं टोपल्या घेऊन हजर. ताजं फूल पिवळसर, रसाळ, बोटाला चिकटणारं. वाळलं की बेदाण्यासारखं सुरकुतलेलं आणि तपकिरी. ते भाकरीत जातं, लाडवात जातं, गुराढोरांच्या तोंडी जातं. भिजवून आंबवलं आणि मडक्यावर मडकं चढवून वाफ धरली, की दारू. ही वाइन नव्हे, कारण वाइन फक्त आंबवतात, तिची वाफ काढत नाहीत. पण चाखण्याचं शास्त्र इथंही पुरेपूर होतं. ‘पहिल्या धारेची’ हा शब्द मराठीत कवितेपासून राजकारणापर्यंत कशालाही लागतो. मुळात ती भट्टीवरची प्रतवारी आहे. आधी थेंबथेंब येते ती कडक, मागून येते ती पातळ. जाणता माणूस दोन थेंब आगीत टाकून भडका पाहतो आणि धार सांगतो. गोंडांच्या जन्मात, लग्नात, मरणात हीच लागते. आधी देवाच्या नावाने दोन थेंब जमिनीवर, मग माणसांना.

इंग्रजांनी यात हात घातला तो महसुलासाठी. मध्य प्रांतात 1915 चा आबकारी कायदा आला. घरची भट्टी गुन्ह्यात गेली आणि ठेकेदाराची भट्टी सरकारमान्य ठरली. पुढे स्वातंत्र्यानंतर मोहफुलं बाळगण्या-नेण्यावरही बंधनं होती, ती महाराष्ट्र सरकारने काढली 2021 मध्ये. म्हणजे फूल देवाचं, झाड गावाचं, आणि टोपलीचा हिशेब ठाण्यात. या सगळ्यात झालं असं, की गावातली दारू लपूनछपून, घाईघाईने, एका दमात प्यायची वस्तू झाली. घोट तोंडात घोळवायला निवांतपणा लागतो, आणि धाड पडायची भीती असेल तर निवांतपणा कसला?

दुसऱ्या बाजूचाही इतिहास आहे, आणि तो न सांगता पुढे जाणं लबाडीचं होईल. गांधीजी 1936 मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, तेच पुढे सेवाग्राम झालं. वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत 1993 ला झाली, तीही लोकांच्या मोठ्या आंदोलनानंतर. चंद्रपुरात 2015 ला झाली आणि 2021 ला उठली. बायांनी मतदान करून गावातलं दुकान बंद पाडायची तरतूद आहे, त्या मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. ज्या घरात नवऱ्याच्या पिण्यापायी भांडी विकली गेली, त्या घरच्या बाईला ‘बुके’ (वाइनचा सुवास) आणि ‘फिनिश’ (घोटानंतर रेंगाळणारी चव) सांगायला कोणी जाऊ नये. आमच्या वावरापासून वर्धा जिल्ह्याची हद्द फार लांब नाही. भाच्याची उघडलेली बाटली गाडीत घालून पलीकडे नेली असती, तर जोडी जमली असती ती पोलिसांशी.

या भागात वाइनचं पाऊल उशिरा पडलं, आणि तेही पश्चिमेकडून. 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला शॅटो इंडाज ही वायनरी उभी केली आणि फ्रेंच तंत्राने फेसाळती वाइन काढली. राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला सुरू केली, तिच्या पहिल्या बाटल्या 2000 मध्ये बाजारात आल्या. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले. 2008 पासून सुलाफेस्ट भरू लागला, द्राक्षाच्या मळ्यात गाणं-बजावणं आणि हातात पेला. बाटली आणि संगीत ही जोडी महाराष्ट्रातल्या पोरांच्या डोक्यात बसली ती बरीचशी तिथून. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, त्यावर रान उठलं आणि तो अडकला. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य त्या काळात इतकं घासलं गेलं, की आमच्या गावात चहाच्या टपरीवरही लोक चहाला तेच म्हणायचे.

विदर्भाला या धोरणातून फारसं काही आलं नाही, कारण आमचं फळ संत्रं. नागपूरकर भोसल्यांच्या काळात संत्र्याची कलमं इथे आली आणि काटोल, नरखेड, वरूड, मोर्शीची वावरं बदलून गेली. दर आंबिया बहाराला भाव पडला, की कोणीतरी म्हणतोच, “संत्र्याची वाइन काढा ना राजेहो.” एकदा भाच्याने फोनवर ‘ऑरेंज वाइन’चं चित्र दाखवलं तेव्हा चौघांचे डोळे चमकले. मग कळलं, की तिच्यात संत्रं औषधालाही नसतं. पांढऱ्या द्राक्षाचा रस सालींसकट आंबवला, की त्याला नारिंगी रंग येतो, म्हणून ते नाव. ही रीत जॉर्जिया देशातली. तिथे मातीचे मोठे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरून त्यात वाइन करतात, आणि द्राक्षाच्या वाइनचा आठ हजार वर्षांपूर्वीचा पुरावाही तिथल्याच मातीच्या भांड्यांत मिळाला. जमिनीत पेव खणून ज्वारी साठवणाऱ्या माणसाला पुरलेला रांजण परका वाटायचं कारण नाही.

आता जोड्यांकडे येऊ. मासे-कोंबडीला पांढरी, मटणाला लाल, हा नियम वेदवाक्यासारखा सांगितला जातो. पण एकेका पदार्थाला एकेक वाइन, ही चैन युरोपातही पूर्वी सोपी नव्हती. तिथल्या श्रीमंती मेजवान्यांत बरेचसे पदार्थ एकदमच टेबलावर मांडले जात. 19 व्या शतकात रशियन पद्धत रुळली, म्हणजे एक पदार्थ संपला की दुसरा, आणि मग दर पदार्थागणिक ग्लास बदलायला वाव मिळाला. आमची पंगत अजून त्या जुन्या चालीची. ताटात भात, वरण, भाजी, पोळी, चटणी, कोशिंबीर, गोड सगळं एकदम, आणि दर घासाला जोडी वेगळी. त्यामुळे पंगतीत बाटली बसवायची, तर ती कुठल्या एका पदार्थाला शोभून चालत नाही, अख्ख्या ताटाशी तिचं पटावं लागतं. जोड्यांच्या पुस्तकांत हा प्रश्न क्वचितच विचारलेला दिसतो.

त्यातून आमचं सावजी. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं हे जेवण. हातमाग बसले, तशी ती चव घरातून खानावळीत आली आणि खेड्यापाड्यातल्या ढाब्यापर्यंत पोचली. काळसर रस्सा, वर तर्रीचा थर, पहिल्या घासाला कान गरम. भाच्याने हौसेने त्याच्यासोबत लाल वाइन दिली, पुस्तकात मटणाला लाल लिहिलेलं म्हणून. फजिती झाली. लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतलं टॅनिन असतं, कच्च्या जांभळासारखं जीभ ओढणारं. तिखटाने सोललेल्या जिभेवर ते कडू लागतं, आणि अल्कोहोल मिरचीचा जाळ आणखी भडकवतं. भाऊंनी पेला खाली ठेवून सरळ ताकाचा गडवा उचलला. मग गारेगार, किंचित गोडसर शेनँ ब्लाँ, म्हणजे ती पांढरी, काढली. गोडव्याने जाळ बसला, आंबटपणाने तर्रीचा तेलकटपणा कापला. वरणात चिंच-गूळ घालणाऱ्या घरात याचं कारण वेगळं समजवावं लागत नाही. हुरड्यासोबत मात्र तीनही बाटल्या पडल्या. कोवळ्या दाण्याचा दुधाळ गोडवा कुठल्याच वाइनने पुढे येऊ दिला नाही. तिथं जवसाची चटणीच जिंकली.

चाखण्याच्या भाषेचं म्हणाल, तर तिचा दरारा अगदी अलीकडचा. 24 मे 1976 ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर या वाइन विकणाऱ्या इंग्रज दुकानदाराने लेबलं झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन फ्रेंच परीक्षकांसमोर ठेवल्या. पांढरीत आणि लालमध्येही पहिली आली कॅलिफोर्नियाची. एका परीक्षकाने तर कॅलिफोर्नियाची चाखून ‘आता कुठे फ्रान्सला परतलो’ अशा अर्थाचा उद्गार काढला होता. 1984 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या अ‍ॅन नोबल यांनी वासांचं एक चक्र तयार केलं, म्हणजे लोकांनी ‘भारदस्त’, ‘राजस’ म्हणणं सोडून नेमकं नाव घ्यावं. त्या चक्रात ढोबळी मिरची आहे, लवंग आहे, रॉकेल आहे, जळकी काडी आहे आणि चक्क ओला कुत्राही आहे. 2001 मध्ये बोर्दोच्या संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळला, तर वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. आमचे भाऊ निदान चिंचेला चिंच म्हणाले होते.

संगीताचा भाग सगळ्यात नवा आणि, माझ्या मते, सगळ्यात मजेचा. 1997 मध्ये मानसशास्त्रज्ञ एड्रियन नॉर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ब्रिटिश सुपरमार्केटात एक दिवस फ्रेंच, एक दिवस जर्मन संगीत वाजवलं. फ्रेंच संगीताच्या दिवसांत फ्रेंच वाइनच्या 40 आणि जर्मनच्या 8 बाटल्या गेल्या; जर्मन संगीत लागलं तेव्हा जर्मनच्या 22 आणि फ्रेंचच्या 12. गाण्यामुळे ही बाटली घेतली असं कबूल करणारे गिऱ्हाईक मोजकेच. पुढे 2008 मध्ये नॉर्थ यांनीच दाखवलं, की जड, गंभीर संगीत ऐकताना तीच वाइन लोकांना जड लागते आणि चटपटीत संगीतात चटपटीत.

आमच्या वावरात भाच्याने आधी काहीतरी विलायती पियानो लावला. सगळे दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे गप्प. मग ब्रह्मपुरीकडून आलेल्या पाहुण्याने फोनवरून दंडार, म्हणजे तिकडचं लोकनाट्य, लावली. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते, रात्रभर नाटकं, दंडार, खडी गंमत चालते. वडसा तर नाटक मंडळ्यांचं माहेरघर. ढोलकीचा ठेका पडला, तशी तीच गुलाबी बाटली, जिला मघाशी कोणी विचारत नव्हतं, दोन मिनिटांत संपली. आता ती ढोलकीमुळे चांगली लागली, की ढोलकीमुळे पटापट प्यायली गेली, हे नॉर्थसाहेबांनी येऊन तपासावं. खंजिरी भजनं मात्र कोणी लावली नाहीत. तुकडोजी महाराजांची मोझरी आमच्या बाजूच्याच जिल्ह्यात, आणि त्यांचं भजन बाटलीशेजारी वाजवायची आमच्यात कोणाची छाती नाही.

काकाजी माळकरी. ते सगळा वेळ आगटीपाशी कणसं फिरवत बसले होते. शेवटी भाच्याने पांढरीचा रिकामा पेला त्यांच्या हातात दिला. “काकाजी, पिऊ नका. नुसता वास सांगा.” त्यांनी पेला नाकाशी धरला, डोळे मिटले, बराच वेळ काही बोलले नाहीत. लहानपणी ते गोंदियाकडे मामांच्या घरी राहिलेले. “चैतात फुलं वेचून आणली,” ते म्हणाले, “अन् रातभर टोपल्यात झाकून ठेवली, का सकाळी झाकण काढल्यावर येते ना, तो वास हाय हा.”

भाच्याने फोनवर ते वासांचं चक्र उघडलं आणि बोटाने फिरवत बसला. त्यात मोहफूल कुठेच नव्हतं.